गोवा-गोकर्णाला पोरं निघण्याआधी घरात तयार ठेवायचं पाकीट

डिसेंबर लागला की बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पोरं चौघं-पाचजण मिळून गाडी काढतात. कुणी चोर्ला घाट उतरून कळंगुट-बागाला जातात, कुणी गोकर्णाला. बहुतेक सगळी सोमवारी कामावर हजर असतात. एखाद्याच्या घरी मात्र मध्यरात्री फोन येतो, की पोराला पोलिसांनी पकडलंय. बेळगावच्या कोर्टात फौजदारी वकिली करताना मी एक गोष्ट वारंवार पाहिली आहे. आरोप किरकोळ असतो, पण पहिल्या चोवीस तासांत घाबरून जे केलं जातं ते वर्षानुवर्षं निस्तरावं लागतं. म्हणून ही तयारी आधीच करून ठेवा.

घरात एक जाड पाकीट करा. त्यात पोराच्या आधारची प्रत, पासपोर्ट साइजचे चार फोटो, कॉलेजचं किंवा कंपनीचं ओळखपत्र आणि एसएसएलसीचं मार्क्स कार्ड ठेवा. या मार्क्स कार्डावर जन्मतारीख असते, आणि वय अठराच्या आत असेल तर सगळंच बदलतं. अशा मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, त्याला चोवीस तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावं लागतं. पोराला दम्याचं, फिट्सचं किंवा साखरेचं औषध चालू असेल तर डॉक्टरांची चिठ्ठीही हवी. जामीनदार म्हणून उभं राहणाऱ्याचे कागदही याच पाकिटात घाला. त्याचं आधार, शेताचा उतारा किंवा घरपट्टीची पावती, आणि पगारदार असेल तर पगाराचं पत्रक. हे कागद रात्री दोन वाजता कपाटात सापडत नाहीत.

फोन आला की आधी तो खरा आहे का ते बघा. 'तुमचा मुलगा ड्रग्जमध्ये सापडलाय, लगेच पैसे पाठवा' असं सांगणारे भामटे खूप आहेत, आणि व्हिडिओ कॉलवरची 'डिजिटल अटक' कुठल्याच कायद्यात नाही. फोन ठेवा, त्या ठाण्याचा नंबर स्वतः शोधून लावा आणि पाच गोष्टी विचारून लिहून घ्या. गुन्हा क्रमांक काय, कलमं कोणती, अटक किती वाजता झाली, तपास अधिकारी कोण, कुठल्या कोर्टात कधी हजर करणार. हे विचारताना संकोच करू नका. अटकेची खबर नातेवाइकाला किंवा मित्राला देणं हे पोलिसांवर बंधनकारक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८ मध्ये ते लिहिलेलं आहे. आणि हेही विचारा, की ही खरोखर अटक आहे की फक्त हजर राहण्याची नोटीस? सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यांत अटक हा नियम नाही. कलम ३५ खाली नोटीस देऊन बोलावता येतं, आणि नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला अटक करायची तर पोलिसांना कारणं नोंदवावी लागतात. अशी नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर बजावू नये असं सुप्रीम कोर्टाने २०२५ मध्ये बजावलं आहे. तरी व्हॉट्सअ‍ॅपवर काही आलंच तर कानाडोळा करू नका, वकिलाला दाखवा.

पोराची तयारी ही घरच्या पाकिटाइतकीच महत्त्वाची. नाव-पत्ता खरा सांगायचा, आवाज चढवायचा नाही, पळायचं नाही. स्वतःविरुद्ध बोलायला कुणी भाग पाडू शकत नाही, तो संविधानाच्या कलम २० चा हक्क आहे. 'वकिलांशी बोलून सांगतो' एवढं वाक्य नम्रपणे म्हणता आलं पाहिजे. चौकशी चालू असताना वकिलाला भेटता येतं, मात्र वकील पूर्ण वेळ शेजारी बसू शकत नाही, हेही त्याला माहीत असू द्या. मुलगी असेल तर तिला सांगा, की सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात स्त्रीला अटक करायची नाही. अपवाद असेल तर महिला पोलीस अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची परवानगी, दोन्ही लागतात.

आता सह्यांचं. 'काही झालं तरी सही करू नको' असं घरचे सांगतात, ते अर्धवट आहे. अटकेच्या मेमोवर, म्हणजे अटकेच्या लेखी नोंदीवर, अटक झालेल्याची सही कायद्यानेच लागते, आणि त्यावर नातेवाईक किंवा अटक झाली त्या भागातल्या प्रतिष्ठित माणसाचीही साक्ष असते. पोलिसांपुढच्या जबाबावर मात्र सही घ्यायचीच नसते. दोन्हींतला फरक पोराला घरी समजावून सांगा.

दोन वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातली एक आई पहाटे साडेपाचला माझ्या दारात आली. हातात रेशन कार्ड आणि लाइट बिल घातलेली प्लास्टिकची पिशवी. पोरगा मराठी शाळेत शिकलेला. कन्नड बोलतो फर्डं, पण वाचताना अडखळतो. किनाऱ्यावरच्या एका ठाण्यात त्याने चार कन्नड कागदांवर मराठीत सह्या केल्या होत्या, तारीखसुद्धा मराठी आकड्यांत. कशावर केल्या विचारलं तर म्हणाला, 'मॅडम, सोडतो म्हणाले.' त्यातल्या एका पंचनाम्यात जप्तीची जागाच वेगळी लिहिलेली होती. ती चूक कोर्टासमोर आणायला आम्हाला चौदा महिने लागले. तेव्हापासून मी प्रत्येकाला एकच सांगते. कागद वाचता येत नसेल तर सहीच्या वर आपल्या हाताने लिहायचं, 'मला कन्नड वाचता येत नाही, मजकूर समजावून सांगितलेला नाही.' तेवढ्या ओळीला पुढे मोल येतं. आपल्या भागासाठी दिलासा असा, की अटकेची कारणं लेखी आणि त्या माणसाला समजेल अशा भाषेत द्यावीत, उशीर झाला तरी रिमांडसाठी, म्हणजे कोठडी मागायला, कोर्टात हजर करण्याच्या किमान दोन तास आधी, असं सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये सांगितलं आहे. मराठीत मागा. मागितलं होतं हे वकिलाकडून रिमांडच्या वेळी नोंदवून घ्या.

अमली पदार्थांबद्दल पोरांच्या डोक्यात घातक गैरसमज आहेत. कायदा वजनावरून 'अल्प' आणि 'व्यावसायिक' प्रमाण ठरवतो. गांजाचं अल्प प्रमाण १ किलोपर्यंत आणि व्यावसायिक २० किलोच्या वर, पण एमडीएमए या पार्ट्यांतल्या नशेच्या पदार्थाचं अल्प प्रमाण अर्ध्या ग्रॅमपर्यंत आणि व्यावसायिक १० ग्रॅमच्या वर. २०२० च्या निकालानंतर मिसळलेल्या पदार्थासकट सगळं वजन धरलं जातं. व्यावसायिक प्रमाणात जामीन फार अवघड होतो. गाडीत चौघे आणि बॅग एकाची असली तरी चौघांनाही उत्तरं द्यावी लागतात, म्हणून ज्याच्या बॅगेत काय आहे ते माहीत नाही त्याच्याबरोबर जाऊच नका. अंगझडती घेताना राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर घ्या असं मागण्याचा हक्क एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याच्या कलम ५० खाली आहे. परतताना गोव्याची दारू डिकीत भरून कणकुंबीच्या नाक्यावर सापडणारेही कमी नाहीत. तो कर्नाटकच्या अबकारी कायद्याचा वेगळा गुन्हा होतो.

वकील तिथलाच बघा. कळंगुट, हणजूणची प्रकरणं म्हापशाला जातात, गोकर्णची कुमठ्याला. हायकोर्टही वेगळं. गोव्यासाठी पर्वरी, गोकर्णसाठी धारवाड. पैसे नसतील तर मोफत कायदेशीर मदतीच्या १५१०० या नंबरवर फोन करा. कोठडीतल्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, तो त्याचा हक्क आहे. पहाटे निघालात तर ठाण्याच्या बाकावर दिवस घालवू नका, कोर्टात पोहोचा. अटकेपासून चोवीस तासांत, प्रवासाचा वेळ वगळून, मॅजिस्ट्रेटपुढे न्यावंच लागतं. मारहाण झाली असेल तर तिथेच, पहिल्याच दिवशी सांगायचं.

जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा हक्क आहे. दारू पिऊन गाडी चालवल्याचा गुन्हा त्यातलाच. बाहेरचा जामीनदार चालत नाही असं कुणी सांगितलं तर वकिलाला १९७८ च्या मोतीराम निकालाची आठवण करून द्या. दुसऱ्या जिल्ह्यातला आहे म्हणून जामीनदार नाकारणं सुप्रीम कोर्टाने तेव्हाच चुकीचं ठरवलं. ऐपतच नसेल तर जातमुचलक्यावर, म्हणजे जामीनदाराशिवाय स्वतःच्या लेखी हमीवर, सोडण्याची तरतूद आहे. मधल्या माणसाच्या हाती 'मिटवून देतो' म्हणून रोख देऊ नका.

आणि तक्रार एखाद्या मुलीने केली असेल तर तिच्या घरी फोन करू नका, कुणाला मध्ये घालू नका. तिच्यावर काय गुदरलं हे तिलाच माहीत. शिवाय साक्षीदारावर दबाव आणल्याचं कारण दाखवून जामीन नाकारला जाऊ शकतो.

शेवटचं राहिलं ते सगळ्यात सोपं. अटक झाली की मोबाइल काढून घेतात, आणि आजकालच्या पोरांना आईचा नंबर तोंडपाठ नसतो. आज रात्री जेवताना फोन बाजूला ठेवायला सांगा आणि तुमचा नंबर न बघता म्हणायला लावा.