विंडोज सर्व्हरच्या अपग्रेडनंतर नेटवर्क टीम कोसळते? या चुका टाळा

विंडोज सर्व्हर 2012 आर2 किंवा 2016 वरून पुढच्या आवृत्तीवर इन-प्लेस अपग्रेड (जुन्यावरच नवी आवृत्ती बसवणे) झाले, सर्व्हर नीट चालू झाला, स्विचवर दिवे हिरवे आहेत, पण नेटवर्क नाही. एनआयसी टीमिंगची (अनेक नेटवर्क कार्डे एकत्र बांधून एक जोडणी, म्हणजे 'टीम', करण्याची सोय) खिडकी उघडावी तर टीम 'डाउन' दिसते, एखादे कार्ड 'फॉल्टेड' असते, नाहीतर टीम यादीतूनच गायब झालेली असते. अशा वेळी पहिला संशय कार्डावर किंवा केबलवर जातो आणि बहुतेक वेळा तो चुकीचा ठरतो.

टीम हे स्वतंत्र कार्ड नव्हे. विंडोज सर्व्हर 2012 पासून आलेली एलबीएफओ (भार वाटणारी, एक कार्ड पडले तर दुसऱ्यावर काम नेणारी) टीम म्हणजे खऱ्या कार्डांच्या ड्रायव्हरवर बसवलेला एक थर. अपग्रेडमध्ये सेटअप प्रत्येक कार्ड नव्याने ओळखतो, ड्रायव्हर पुन्हा बसवतो आणि कोणत्या कार्डाला कोणता प्रोटोकॉल जोडलेला आहे ती बाइंडिंग पुन्हा जुळवतो. तीन-चार कार्डांपैकी एकाचे जरी यात चुकले तरी वरचा थर लंगडा होतो. पुढच्या बहुतेक चुकांचे मूळ हेच आहे.

(आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. पॉवरशेलमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करा.)

टीम तशीच ठेवून अपग्रेड सुरू करणे

सर्वांत महागात पडणारी चूक ही. टीमिंग वापरात असेल तर अपग्रेडपूर्वी ते बंद करा आणि अपग्रेड पूर्ण झाल्यावर पुन्हा सुरू करा, असे मायक्रोसॉफ्टच्याच सूचनांत लिहिलेले आहे. "मागच्या वेळी काही झाले नव्हते" म्हणून ही पायरी गाळली जाते. मागच्या वेळी दोन्ही कार्डांचे ड्रायव्हर नव्या आवृत्तीत जसेच्या तसे मिळाले असतील. यंदा एकाला कंपनीचा आणि दुसऱ्याला विंडोजसोबत येणारा ड्रायव्हर मिळू शकतो.

टीम मोडण्याआधी नोंद घ्या. गेट-नेटएलबीएफओटीम, गेट-नेटएलबीएफओटीममेंबर, गेट-नेटएलबीएफओटीमएनआयसी आणि आयपीकॉन्फिग-ऑल या चारही आज्ञांचे उत्तर फाइलमध्ये उतरवा. रूट प्रिंटमधला कायमस्वरूपी मार्गांचा भागही घ्या, कारण बॅकअपच्या नेटवर्ककडे जाणारा एखादा मार्ग तिथेच असतो आणि दोन दिवसांनी बॅकअप पडल्यावरच त्याची आठवण होते. ही फाइल नेटवर्क शेअरवर ठेवू नका, ऐन गरजेच्या वेळी तीच उघडणार नाही. पेन ड्राइव्हवर घ्या, टीमिंगच्या खिडकीचा मोबाइलवर फोटो काढा.

टीमिंग मोड, लोड बॅलन्सिंगची पद्धत, स्टँडबाय (राखीव) कार्ड, व्हीएलएएन (एकाच स्विचवरचे वेगळे आभासी नेटवर्क) क्रमांक, आयपी, गेटवे आणि डीएनएस या गोष्टी नोंदीत हव्यातच. टीमचा मॅक पत्ताही (कार्डाचा हार्डवेअर पत्ता) लिहून ठेवा. टीम तो आपल्या एखाद्या सदस्य कार्डाकडूनच घेते, त्यामुळे पुन्हा बांधताना तो बदलू शकतो. डीएचसीपी (आयपी आपोआप वाटणारी सेवा) आरक्षण किंवा मॅकला बांधलेला सॉफ्टवेअर परवाना असेल तर नेटवर्क सुरू होऊनही काम अडून राहते.

रिमूव्ह-नेटएलबीएफओटीम दिली की टीमचा आयपी जातो. म्हणून हे काम रिमोट डेस्कटॉपवरून करू नका, स्वतःच्याच पायाखालची फांदी तोडाल. आयलो, आयड्रॅक किंवा आयपीएमआय कन्सोल (सर्व्हरच्या नेटवर्कशिवायही तो दुरून हाताळण्याची सोय) हाताशी ठेवा आणि त्याचा पासवर्ड चालतो की नाही हे आदल्या दिवशीच पाहा. टीम मोडल्यावर एकाच कार्डाला तात्पुरता तोच आयपी द्या आणि अपग्रेड त्या कार्डावर होऊ द्या.

2012 आर2 वरून 2022 वर थेट उडी मारता येत नाही, मध्ये 2016 किंवा 2019 चा मुक्काम करावा लागतो. अशा दोन टप्प्यांच्या अपग्रेडमध्ये मुक्कामावर टीम पुन्हा बांधण्याचा मोह आवरा. शेवटच्या आवृत्तीवर पोहोचून ड्रायव्हर घातल्यावर एकदाच बांधा.

स्विचकडे न पाहणे

स्विच इंडिपेंडंट मोड असेल तर स्विचला टीमची खबरच नसते, या भागातला पुढचा मजकूर सोडून दिला तरी चालेल. एलएसीपी (सर्व्हर आणि स्विच आपसांत बोलून करतात ती जोडणी) किंवा स्टॅटिक (दोन्हीकडे हाताने ठरवलेली जोडणी) असेल तर मात्र टीम मोडताना स्विचची बाजूही बदलायला हवी.

स्टॅटिक जोडणीत हा धोका जास्त. सिस्कोच्या भाषेत 'मोड ऑन' असलेला पोर्ट-चॅनल (स्विचवर एकत्र बांधलेल्या पोर्टांचा गट) पलीकडे टीम आहे की नाही हे विचारत नाही. सर्व्हरवर टीम नसली तरी तो सगळ्या केबलींवर रहदारी वाटत राहतो. परिणाम विचित्र असतो: काही संगणकांवरून पिंग लागतो, काहींवरून लागत नाही. लोक मग डीएनएस तपासत बसतात. टीम मोडण्यापूर्वी एक पोर्ट सोडून बाकीचे स्विचवर शटडाउन करा, म्हणजे हा गोंधळच होत नाही.

एलएसीपीमध्ये स्विच पलीकडून येणाऱ्या पाकिटांची वाट पाहतो. ती आली नाहीत तर काही स्विच पोर्ट सुटा म्हणून चालू देतात, काही थांबवून ठेवतात. सिस्कोचा नेक्सस स्विच डीफॉल्टने थांबवतो. म्हणजे तात्पुरता आयपी दिलेले एकुलते एक कार्डही मुके राहील. त्या पोर्टला अपग्रेडपुरते पोर्ट-चॅनलमधून बाहेर काढा. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट स्विचवर 'शो इथरचॅनल समरी' पाहिले की पोर्टापुढे 'पी' असेल तर तो जोडलेला, 'आय' असेल तर सुटा आणि लहान 'एस' असेल तर थांबवलेला, एवढ्या तीन अक्षरांत निम्मे निदान होते.

वरून खाली शोधणे

नेटवर्क नाही म्हटले की हात आपोआप नेटश विन्सॉक रीसेट आणि आयपी रीसेटकडे जातो. टीम त्या दोन्हीच्या खाली, दुसऱ्या स्तरावर आहे. आयपीचा थर कितीही धुतला तरी तिला काही होत नाही.

क्रम खालून वर ठेवा. आधी गेट-नेटअ‍ॅडाप्टर: प्रत्येक खरे कार्ड 'अप' आहे का आणि लिंकचा वेग समान आहे का? एक कार्ड 1 जीबीपीएसवर आणि दुसरे 100 एमबीपीएसवर आले असेल तर आधी केबल आणि ड्रायव्हरमधली वेगाची सेटिंग पाहा. मग त्याच आज्ञेतून ड्रायव्हर प्रोव्हायडर, आवृत्ती आणि तारीख काढा. एकाच मॉडेलच्या दोन कार्डांपुढे वेगवेगळ्या आवृत्त्या दिसल्या तर पुढे जाऊ नका. निर्मात्याचा नव्या ऑपरेटिंग सिस्टमसाठीचा ड्रायव्हर दोन्हींना घाला, शक्य असल्यास फर्मवेअरही सारखे करा.

त्यानंतर टीमचे सदस्य. गेट-नेटएलबीएफओटीममेंबरमधला फेल्युअर रीझन हा रकाना लोक वाचतच नाहीत, खरे तर उत्तर तिथेच असते. मीडिया डिस्कनेक्टेड म्हणजे केबल किंवा पोर्ट. एलएसीपी निगोशिएशनची अडचण म्हणजे स्विच. अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह डिसिजन म्हणजे ते कार्ड कुणीतरी स्टँडबाय ठेवले आहे, हा बिघाडच नव्हे.

सदस्य कार्डावर हाताने टिक लावणे

निरोगी टीममध्ये सदस्य कार्डाच्या प्रॉपर्टीत 'मायक्रोसॉफ्ट नेटवर्क अ‍ॅडाप्टर मल्टिप्लेक्सर प्रोटोकॉल' समोर टिक असते आणि आयपीव्ही4 समोर नसते. अपग्रेडनंतर हे उलटे झालेले आढळते: मल्टिप्लेक्सर सुटलेला, आयपीव्ही4 लागलेला, आणि कार्डाने डीएचसीपीकडून स्वतःचा आयपी घेतलेला.

इथे मल्टिप्लेक्सरवर हाताने टिक लावून पाहण्याचा मोह होतो. विंडोज लगेच सांगते की या निवडीमुळे बाकीची वैशिष्ट्ये बंद होतील, आणि टिक टिकत नाही. ही टिक टीमिंगच्या आज्ञेनेच लागते. गेट-नेटअ‍ॅडाप्टरबाइंडिंग घेऊन एमएस अंडरस्कोर इम्प्लॅट (मल्टिप्लेक्सरचेच अंतर्गत नाव) हा घटक कुठल्या कार्डावर सुरू आहे ते पाहा. तो चुकीच्या जागी असेल तर टीम पूर्ण काढा, सर्व्हर रीस्टार्ट करा, मग न्यू-नेटएलबीएफओटीमने पुन्हा बांधा. अर्धवट टीमला ठिगळ लावण्यात जो वेळ जातो, त्यात ती दोनदा बांधून होते.

व्हीएलएएनचेही असेच. क्रमांक टीमच्या इंटरफेसवरच द्यायचा, सदस्य कार्डाच्या अ‍ॅडव्हान्स्ड टॅबमध्ये नाही. दोन्हीकडे दिला तर घोळ नक्की.

भुताटकी कार्डे तशीच सोडणे

नवी टीम बांधली, जुना आयपी द्यायला गेलात, आणि विंडोज म्हणते हा पत्ता संगणकात आता नसलेल्या दुसऱ्या अ‍ॅडाप्टरला दिलेला आहे. जुन्या टीमचे मल्टिप्लेक्सर ड्रायव्हर लपून राहिले आहे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये व्ह्यू मेनूतून 'शो हिडन डिव्हायसेस' निवडा, फिकट दिसणारी जुनी नोंद अनइन्स्टॉल करा, मग आयपी द्या. त्याच यादीत इंटेल किंवा ब्रॉडकॉमच्या जुन्या टीमिंग सॉफ्टवेअरचे अवशेष दिसले तर तेही काढा. खरे म्हणजे ही सॉफ्टवेअर अपग्रेडच्या आधीच काढायला हवी होती.

आणि एक: नेटसीएफजी वजा डी ही आज्ञा इंटरनेटवर रामबाण म्हणून सांगितली जाते. ती सगळीच नेटवर्क उपकरणे साफ करते आणि रीस्टार्ट मागते. घरच्या लॅपटॉपवर ठीक. हायपर-व्ही (विंडोजची व्हर्च्युअल मशीन चालवण्याची सोय) होस्टवर ती चालवली तर व्हर्च्युअल स्विचही त्यात जातील.

2022 वर हायपर-व्ही आणि जुनी टीम

इथे बिघाड नसतो, धोरण बदललेले असते. विंडोज सर्व्हर 2022 मध्ये हायपर-व्हीचा व्हर्च्युअल स्विच एलबीएफओ टीमवर बांधणे कालबाह्य ठरवले आहे. नवा स्विच बांधायला गेलात की थेट त्रुटी येते. अलाउ-नेटएलबीएफओटीम्स हा पर्याय देऊन ती ओलांडता येते, पण तो रात्र काढण्यापुरताच मार्ग समजा. हायपर-व्ही नसलेल्या फाइल सर्व्हरवर एलबीएफओ अजूनही चालते.

योग्य वाट म्हणजे 2016 पासून असलेले स्विच एम्बेडेड टीमिंग, म्हणजेच सेट. हायपर-व्ही मॅनेजरच्या खिडकीतून ते बांधता येत नाही. पॉवरशेलमध्ये न्यू-व्हीएमस्विचला दोन्ही कार्डांची नावे द्या आणि एनेबल-एम्बेडेडटीमिंग ट्रू ठेवा. त्याच्या अटी एलबीएफओपेक्षा कडक आहेत. कमाल 8 कार्डे, एलबीएफओत 32 चालत. कार्डे एकाच निर्मात्याची, मॉडेलची, ड्रायव्हरची. स्टँडबाय कार्ड नाही. आणि फक्त स्विच इंडिपेंडंट, म्हणून खऱ्या स्विचवरचा पोर्ट-चॅनल काढून टाकावाच लागतो. तो तसाच राहिल्याने सेट "अधूनमधून चालते" अशी तक्रार येते. लोड बॅलन्सिंगला हायपर-व्ही पोर्ट निवडा, 2019 पासून तेच डीफॉल्ट आहे.

जुना स्विच काढला की सगळ्या व्हर्च्युअल मशीनचे नेटवर्क 'नॉट कनेक्टेड' होते. नव्याला तेच नाव दिले तरी प्रत्येकीला कनेक्ट-व्हीएमनेटवर्कअ‍ॅडाप्टरने जोडून घ्या. स्थलांतरासाठी मायक्रोसॉफ्टचे कन्व्हर्ट-एलबीएफओ2सेट हे मॉड्यूलही आहे.

नवा ड्रायव्हर घातल्यावर कार्डाच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंग डीफॉल्टवर येतात. ब्रॉडकॉमच्या 1 जीबीपीएस कार्डांवर व्हीएमक्यू (प्रत्येक व्हर्च्युअल मशीनसाठी कार्डात वेगळी रांग ठेवणारी सेटिंग) सुरू असताना व्हर्च्युअल मशीन मंदावण्याची अडचण जुनी आणि माहितीतली आहे. ज्यांनी तेव्हा व्हीएमक्यू बंद केले होते, त्यांच्याकडे ते अपग्रेडनंतर गुपचूप पुन्हा सुरू झालेले असू शकते. जम्बो फ्रेमचेही (नेहमीपेक्षा मोठी पाकिटे पाठवण्याची सेटिंग) तसेच.

विंडोज 10 आणि 11 वर टीम शोधणे

एलबीएफओ ही सर्व्हरची सोय आहे. विंडोज 10 वर आज्ञा दिली की हे वैशिष्ट्य या आवृत्तीत चालत नाही असे उत्तर येते. इंटेलच्या कार्डांवर इंटेलच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरने टीम करता येत असे, विंडोज 11 वर तेही नाही. त्यामुळे 10 वरून 11 वर जाताना मोडलेली टीम दुरुस्त करण्यात रात्र घालवू नका. वेग हवा असेल तर 2.5 किंवा 10 जीबीपीएसचे एकच कार्ड घ्या.

टीम 'अप', तरीही कुणी पोहोचत नाही

नवा टीम इंटरफेस विंडोजच्या लेखी नवे नेटवर्क असते, आणि त्याला 'पब्लिक' प्रोफाइल मिळू शकते. मग फायरवॉल पिंग आणि रिमोट डेस्कटॉप अडवते. गेट-नेटकनेक्शनप्रोफाइल पाहा. डोमेनमधला सर्व्हर असेल तर आधी डीएनएस पत्ते बरोबर आहेत का ते तपासा, कारण डोमेन कंट्रोलर सापडला तरच प्रोफाइल डोमेनचे होते. पत्ते बरोबर असूनही बदलले नाही तर ते कार्ड एकदा डिसेबल करून एनेबल करा.

लिनक्सवाल्यांसाठी थोडेसे

रेड हॅट लिनक्स 9 मध्ये टीमडी (तिथली टीमिंगची सेवा) कालबाह्य ठरले आणि 10 मध्ये काढून टाकले. तिथे बाँडिंगकडे (लिनक्स कर्नलची कार्डे एकत्र बांधण्याची सोय) जाणे भाग आहे, त्यासाठी टीम2बाँड हे साधन आहे. दुसरा नेहमीचा घोळ कार्डाच्या नावाचा: नव्या कर्नलमध्ये नावाच्या शेवटी 'एनपी0' सारखे शेपूट लागते, बाँडच्या फाइलमध्ये जुनेच नाव असते, आणि बाँड रिकामा उठतो. प्रॉक्समॉक्समध्ये (व्हर्च्युअल मशीन चालवणारी लिनक्स प्रणाली) 6.8 कर्नल आल्यावर इंटेलच्या आय40ई ड्रायव्हरवर असे झाले आहे. प्रोक-नेट-बाँडिंगमधली बाँडची फाइल उघडा. पार्टनर मॅक पत्त्यात सगळी शून्ये असतील तर स्विच एलएसीपी बोलत नाही. दोन कार्डांचे अ‍ॅग्रीगेटर आयडी वेगळे असतील तर ती एकाच गटात आलेली नाहीत.

चाचणी घेताना

दुसऱ्या संगणकावरून सर्व्हरला पिंग वजा टी (थांबवेपर्यंत चालणारा पिंग) लावा आणि एकेक केबल काढून परत जोडा. एक-दोन पिंग चुकणे चालेल, दहा-पंधरा चुकले तर स्विचवर स्पॅनिंग ट्रीची (नेटवर्कमधली वर्तुळे टाळणारी व्यवस्था) एज पोर्ट सेटिंग तपासा. प्रत्येक केबल काढून पाहा, फक्त पहिली नाही. स्टँडबाय कार्डावर वर्षभर कुणी रहदारी पाठवलेलीच नसते.

दोन 1 जीबीपीएस कार्डांची टीम असूनही एकच फाइल कॉपी साधारण 110 एमबी प्रति सेकंदावर अडकली, तर ती टीम नापास झाली असे समजू नका. एका जोडणीची पाकिटे क्रम बिघडू नये म्हणून सहसा एकाच कार्डाने जातात. दोन-तीन संगणकांवरून एकाच वेळी कॉपी लावा आणि टास्क मॅनेजरमध्ये टीमचा आलेख पाहा.