ध्यानाला बसताना

साताऱ्याजवळ कृष्णा आणि वेण्णा जिथे मिळतात, त्या संगम माहुलीच्या घाटावर पहाटे बसण्यासारखे सुख नाही. परंतु नवख्याने सुरुवात घरातच करावी, कारण घाटावर सुरुवातीचे दिवस लक्ष नदीकडेच जाते.

घोंगडीची चौपदरी घडी अंथरून मांडी घालावी. गुडघे कमरेपेक्षा वर राहत असतील, तर बुडाखाली उशी घ्यावी, म्हणजे पाठ न ताणता सरळ राहते. गुडघेदुखी असल्यास खुशाल खुर्चीत बसावे, त्यात कमीपणा नाही. डोळे मिटून मनात ४ अंक मोजत नाकाने श्वास घ्यावा आणि ६ अंक मोजत सोडावा. एरवी विश्रांतीच्या अवस्थेत मिनिटाला १२ ते २० श्वास होतात, ते येथे साधारण ६ वर येतात. उच्छ्वास लांबला की व्हेगस या मज्जातंतूच्या प्रभावाने हृदयाची गती मंदावते आणि खांदे सैल पडतात. संथ लयीत नामस्मरण करणाऱ्याचा श्वासही असाच लांबतो, त्यामुळे भक्तीची शांतता आणि शरीराची शांतता यांत मला तरी भिंत दिसत नाही.

कुकरची शिट्टी झाली की मन डाळीकडे धावणारच. ते धावल्याचे ध्यानात येताच, स्वतःवर न चिडता, पुन्हा उच्छ्वासावर यावे. खरा सराव हाच आहे. प्रारंभी १० मिनिटे पुरेत. चक्कर आल्यास मोजणे सोडून नेहमीसारखा श्वास घ्यावा, आणि रक्तदाबाची किंवा नैराश्याची औषधे डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नयेत. उठण्यापूर्वी पोटऱ्या चोळाव्यात. मुंग्या आलेल्या पायांवर एकदम उभे राहू नये.