बोगस वकील : या चुका टाळा

तालुका कोर्टात वकिली करताना एकच चूक इतक्यांदा पाहिली आहे की आता राग येतो. काळा कोट दिसला की लोक कागद आणि पैसे देऊन मोकळे होतात. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, कुणी विचारत नाही.

एक शेतकरी काका माझ्याकडे आले ते वाटपाचा दावा हातचा जायची वेळ आल्यावर. कोर्टाच्या आवारात बसणाऱ्या एका ‘वकीलसाहेबां’ना त्यांनी रोख पंचवीस हजार दिले होते. “तारखेला यायची गरज नाही,” असं ऐकून काका निर्धास्त राहिले. पिशवीतून त्यांनी वकीलपत्राची झेरॉक्स काढली. शिक्का पुसट, सनद क्रमांकाची जागा कोरी. मूळ वकीलपत्र कोर्टात दाखलच नव्हतं. कैफियतीची, म्हणजे दाव्याला द्यायच्या लेखी उत्तराची, मुदत समन्स मिळाल्यापासून 30 दिवस, फार तर 90, तीही उलटलेली. एकतर्फी हुकूम झाला होता.

म्हणून माझ्या पक्षकारांना मी स्वतःच माझा सनद क्रमांक लिहून देतो आणि सांगतो, सनद देणाऱ्या महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलकडे खात्री करा. मग ई-कोर्ट्स या कोर्टांच्या वेबसाइटवर सीएनआर क्रमांक, म्हणजे आपल्या दाव्याचा स्वतंत्र नंबर, टाकून आपल्या नावापुढे वकील कोण दिसतो ते बघा. पाच मिनिटांचं काम आहे, पण घाईत तेवढंच राहतं.

दुसरी चूक तक्रारीची. लोक बार कौन्सिलला अर्ज करून वाट बघत बसतात. शिस्तभंगाची कारवाई सनदधारकावर होते. ज्याला सनदच नाही त्याच्यासाठी पोलीस ठाणं गाठा. सनदेविना कोर्टात वकिली केल्यास अधिवक्ता अधिनियम, 1961च्या कलम 45खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. वकील म्हणवून पैसे उकळले तर भारतीय न्याय संहितेचं कलम 319, पाच वर्षांपर्यंत. लग्नात नुसती बढाई मारली म्हणून कलम 45 लागत नाही. लोकसेवकाच्या तोतयेगिरीचं कलमही इथे घालू नका. खासगी वकील लोकसेवक नसतो.

एलएलबीचा निकाल लागताच गाडीवर ‘अ‍ॅडव्होकेट’ चिकटवणाऱ्या मुलांनो, सनद हातात येईपर्यंत थांबा. ही घाई मला अजिबात आवडत नाही.

स्वतःचा दावा स्वतः चालवता येतो. भावाचा चालवायला कोर्टाची परवानगी लागते, मुखत्यारपत्र पुरत नाही.

आणि फी रोख देऊ नका. काकांकडे पावती नव्हती. तक्रारीला जोडायला ती झेरॉक्स तेवढी होती.