खोल समुद्रातल्या माशाचं वय आणि स्टॉक काढताय? या चुका टाळा

बडोद्याला समुद्र नाही, जवळ आहे ते खंबातचं आखात, म्हणजे गाळ आणि भरती-ओहोटीचं पाणी, तिथं खोल समुद्रातला मासा कुठून येणार. पण झूलॉजी करणारी आपली मुलं आता वेरावळ नाहीतर थेट कोल्लमहून डेटा आणतात आणि लॅपटॉप उघडून बसतात. भाचा त्यातलाच. "मामा, के ०.३५ आला, वाढीचा कर्व्ह मस्त बसलाय, स्टॉक हेल्दी लिहू ना?" असं विचारतो, तेव्हा माझा प्रश्न सॉफ्टवेअरबद्दल नसतोच, मासा कुठला आणि वय कशावरून काढलंस एवढंच विचारतो. स्टॉक म्हणजे त्या माशाचा समुद्रातला साठा, के म्हणजे मासा आपल्या कमाल लांबीकडे किती झपाट्याने जातो तो आकडा, आणि खोल पाण्यातल्या माशाचा के जास्त आला की पुढचं सगळं गणित आपोआप गोड गोड यायला लागतं. गोची तिथंच आहे.

नुसत्या लांबीवरून वय काढणं

लांबीचे गट पाडायचे, महिन्यामागून महिना त्यांची शिखरं कशी सरकतात ते एलिफानसारख्या संगणकी पद्धतीने बघायचं, हे वर्षा-दोन वर्षात मोठ्या होणाऱ्या कोळंबीला चालतं. शेकडो मीटर खाली राहणाऱ्या, दशकानुदशकं जगणाऱ्या माशाला नाही चालत. ऑरेंज रफी घ्या, मोठे झालेले मासे बहुतेक ३५-४० सेंटिमीटरच्या आसपास, आणि त्याच लांबीत चाळीस वर्षांचा पण असतो आणि नव्वद वर्षांचा पण. सगळ्या पिढ्या एकाच ढिगात पडलेल्या. मग शिखर कुठलं सरकणार? सॉफ्टवेअर मात्र "जमत नाही" असं कधी म्हणत नाही, काहीतरी उत्तर देतंच, आणि ते उत्तर दशांशाच्या तीन स्थानांपर्यंत असतं म्हणून खरं वाटतं.

कोल्लमच्या खोल पाण्यातल्या कोळंबीचा प्रश्न वेगळा. तिच्यात माशासारखं ओटोलिथ, म्हणजे कानातला खडा, नसतो, आणि कात टाकली की कवचावरच्या खुणाही जातात, तेव्हा लांबीशिवाय गत्यंतर नाही. तिथं निदान नर-मादी वेगळे तरी ठेवा. लाल आरिस्टियसची मादी नरापेक्षा बरीच मोठी होते, दोघांना एकाच टेबलात कोंबलं तर दोन शिखरं दिसतात आणि पोरं त्याला दोन वर्षांच्या दोन पिढ्या समजतात.

ओटोलिथ वरून बघून वर्तुळं मोजणं

ही सगळ्यात महागात पडलेली चूक. न्यूझीलंडकडे १९७० च्या दशकाच्या शेवटी ऑरेंज रफीची मोठी पकड सुरू झाली तेव्हा अख्खं ओटोलिथ भिंगाखाली धरून मोजायचे, आणि मासा काही दशकंच जगतो असं वाटायचं. वाढ चांगली आहे, पकडा मग! पुढे ओटोलिथ कापून बघायला लागले आणि १९९१ मध्ये ऑस्ट्रेलियात शिसं-रेडियमच्या किरणोत्सर्गावरून वय तपासलं तर ३८ ते ४० सेंटिमीटरचे मासे ७७ ते १४९ वर्षांचे निघाले. अंडी घालायच्या वयाला यायलाच साधारण तीस वर्षं लागतात. तोवर बऱ्याच ठिकाणचा साठा उपसून झाला होता, ऑस्ट्रेलियाने २००६ मध्ये त्याला संरक्षणावर अवलंबून असलेल्या जातींच्या यादीत टाकलं.

असं का होतं, तर म्हातारा मासा लांबीत वाढायचा जवळजवळ थांबतो पण ओटोलिथ थांबत नाही, फक्त ते बाहेरच्या कडेने न वाढता जाडीत वाढायला लागतं. वरून बघितलं की कडेची वर्तुळं एकावर एक चढलेली, दिसतच नाहीत. म्हणून रेझिनमध्ये बसवून, बरोब्बर मधल्या केंद्रातून डायमंड करवतीने पातळ काप घ्या आणि खालून उजेड टाकून मोजा. काप केंद्राच्या बाजूने गेला तर पहिली काही वर्षं उडाली म्हणून समजा, तो काप टाकून द्या, हळहळू नका. मोजणारे दोघे असावेत आणि कापाच्या पट्टीवर माशाची लांबी लिहिलेली नसावी, कारण लांबी दिसली की डोळा आपसूक तेवढीच वर्तुळं शोधतो. आणि दोघांचे आकडे जुळले म्हणून वय बरोबर, असं पण नाही हां. दोघं एकाच गुरूकडे शिकलेले असतील तर दोघंही तीच वर्तुळं सोडणार. त्यासाठी बाहेरची तपासणी लागते, शिसं-रेडियम नाहीतर १९५०-६० च्या अणुचाचण्यांमुळे वाढलेला कार्बन-१४. यातला कार्बन खोल पाण्यात उशिरा पोचतो, त्यामुळे उथळ पाण्यातल्या माशांचा आलेख जसाच्या तसा लावू नका.

नैसर्गिक मृत्युदर कुठूनतरी उचलणं

इथं सगळ्यात जास्त भांडण व्हायला पाहिजे आणि होतं सगळ्यात कमी. समजा वयाच्या आलेखावरून एकूण मृत्युदर वर्षाला ०.१२ आला. न्यूझीलंडमध्ये ऑरेंज रफीला नैसर्गिक मृत्युदर बरीच वर्षं ०.०४५ धरत आलेत. तो वजा केला की मासेमारीचा वाटा ०.०७५, म्हणजे मरणाऱ्यांपैकी साधारण ६२ टक्के जाळ्याने मारलेले. आता तोच डेटा, फक्त नैसर्गिक मृत्युदर ०.१० घ्या. मासेमारीचा वाटा राहिला ०.०२, म्हणजे १७ टक्क्यांच्या आसपास. एका आकड्याने उपसलेला साठा "अजून पकडायला वाव आहे" मध्ये जाऊन बसला, एक मासा जास्तीचा मोजला नाही तरी! पॉलीचं १९८० चं सूत्र पाण्याचं तापमान, के आणि कमाल लांबी घेऊन हा आकडा देतं, पण के चुकीचा असेल तर आधीचीच चूक सूत्रातून परत बाहेर येते. म्हणून एकच आकडा कधी देऊ नका, तीन-चार वेगवेगळे घालून निष्कर्ष पलटतो का ते दाखवा. पलटत असेल तर तसंच लिहा, गाईड रागावले तर रागावले. आणि निम्मे मासेमारीने मेले तरी ठीक, हा जुना नियम इतक्या हळू वाढणाऱ्या माशाला लावूच नका.

मोजपट्टी चुकीच्या जागी

ग्रेनेडियर नावाच्या माशाची शेपटी दोऱ्यासारखी निमुळती असते आणि जाळ्यात हमखास तुटते, म्हणून त्याची पूर्ण लांबी न घेता नाकापासून गुदपराच्या सुरुवातीपर्यंतची घेतात. कोळंबीचा पुढचा काटा क्रेटमध्ये मोडतो, तिथं डोळ्याच्या खोबणीपासून कवचाच्या मागच्या कडेपर्यंत मोजा. बर्फातला आणि ताजा मासा एकाच रकान्यात नको.

बंदरावर दिसलं तेवढंच समुद्रात आहे असं धरणं

जाळ्याच्या आसातून लहान मासे निसटतात, शिवाय बऱ्याच जातींची पिल्लं मोठ्यांच्या जागी राहतच नाहीत, आणि बंदरावर पोचेपर्यंत ग्रेडिंग झालेलं असतं. लहान मासे नसले की शून्य लांबीचं वय, म्हणजे कर्व्ह मागे नेला तर लांबी शून्य होते ते वय, उणे सहा, उणे आठ असं काहीतरी येतं. असं दिसलं की कर्व्ह ताणत बसू नका, पिल्लांचा डेटा मिळवा, तो मिळेपर्यंत ते वय शून्याजवळ बांधून टाका. अजून एक, बरेच दिवस बाहेर राहणारा ट्रॉलर वेगवेगळ्या खोलीवर ओढतो आणि माल एकाच होल्डमध्ये भरतो. तांडेलला विचारा, कुठं, किती वाव खोल पाण्यात, किती तास जाळं ओढलं. नुसते समुद्रातले दिवस हा मासेमारीच्या प्रयत्नाचा आकडा होत नाही, निम्मा वेळ येण्याजाण्यातच जातो. पावसाळ्यातली पश्चिम किनाऱ्याची मासेमारी बंदी मध्ये येते, ते रिकामे महिने शून्य पकड म्हणून टाकलेले मी स्वतः बघितलेत.

पकड टिकून आहे म्हणजे साठा टिकून आहे

ऑरेंज रफी अंडी घालायला समुद्रातल्या डोंगरांवर दाटीने जमतो. बोट थेट त्या दाटीवर जाळं टाकते, त्यामुळे साठा निम्म्यावर आला तरी दर ओढीची पकड तेवढीच दिसते, आणि एक डोंगर संपला की बोटी पुढच्या डोंगरावर जातात, सरासरी परत छान. टास्मानियाजवळचा सेंट हेलेन्स हिल १९८९ मध्ये सापडला आणि त्यावर बोटींची झुंबड उडाली. म्हणून पकडीचा दर डोंगरागणिक, बोटीगणिक वेगळा काढा, सगळ्याची एक सरासरी नको. ध्वनिलहरींनी मोजणं हा उपाय आहे पण त्यातही मेख, रफीच्या अंगात हवेऐवजी मेणासारखं तेल असतं, प्रतिध्वनी अगदी कमजोर, शेजारी हवेची पिशवी असलेले थोडे दुसरे मासे असले तरी त्यांचाच आवाज मोठा येतो. अंटार्क्टिककडच्या टूथफिशला म्हणूनच टॅग लावून सोडतात आणि पुन्हा किती सापडतात यावरून साठा काढतात. तिथं देवमासे लाँगलाइनवरचा मासा ओरबाडून खातात, ती पकड कुठल्याच वहीत येत नाही, तेवढं लक्षात ठेवा.

शेवटचं अगदी किरकोळ वाटेल. ओटोलिथ फॉर्मलिनमध्ये टाकू नका, आम्लाने ते विरघळतं, बाहेरचे थर आधी जातात आणि म्हाताऱ्या माशाची शेवटची वर्षं त्या थरांतच असतात. पुसून, वाळवून कागदी पाकिटात ठेवा आणि नंबर, खोली, नर का मादी हे पेन्सिलने लिहा, बॉलपेनची शाई पावसाळ्यात पसरते.