सातारा हिल हाफला जाताय? हे आठवणीनं करा

सातारा हिल हाफ म्हणजे साताऱ्याची घाटातली अर्धमॅरेथॉन. तिच्या सरावाबद्दल इथे काही लिहिलेलं नाही. झाला असेल तर उत्तम, नसेल झाला तर शेवटच्या आठवड्यात होणारही नाही. ही यादी बाकीच्या भानगडींची.

सगळ्यात आधी पायाची नखं. आदल्या रात्री नव्हे, तीन-चार दिवस आधीच कापा. ही शर्यत यवतेश्वरचा घाट चढते आणि त्याच रस्त्यानं परत उतरते. म्हणजे २१.१ किलोमीटरपैकी साधारण अर्धी वाट बोटं बुटाच्या टोकावर आपटत असतात. वाढलेलं नख आधी काळंनिळं पडतं, मग काही आठवड्यांनी सुटून हातात येतं. पळणाऱ्यांच्या ग्रुपमधली जुनी खोडं असली नखं कौतुकानं दाखवतात, तेही नेमकं नाश्त्याच्या टेबलावर.

बूट जुनेच. बिब, म्हणजे छातीवर लावायचा नंबराचा कागद, घ्यायला गेलात की शेजारी सवलतीचे स्टॉल लागलेले असतात, तिथे हात आवरा. आमच्यातल्या एकानं आदल्या संध्याकाळी भडक केशरी बूट घेतले आणि सकाळी घाटात तेच घालून उतरला. शेवटचा टप्पा तो बूट हातात घेऊन, मोज्यांवर आला. फोटोत बूट मात्र सुरेख दिसतात.

बिब आणलंत की मागच्या बाजूला रक्तगट आणि घरचा फोन नंबर लिहा. टायमिंगची चिप तिथेच चिकटवलेली असते, तेव्हा घडी घालू नका. सेफ्टी पिना चार हव्यात, घरूनच न्या; साड्यांच्या डब्यातून घेणार असाल तर विचारून. टी-शर्ट पलंगावर पसरून बिब लावलं की हमखास पुढची-मागची बाजू एकत्र टोचली जाते आणि पहाटे अंधारात डोकं आत जात नाही. शर्ट अंगात घालून, आरशासमोर लावा.

सप्टेंबर म्हणजे पाऊस धरूनच चाला. खाली कोरडं असलं तरी घाटात भुरभुर आणि धुकं असू शकतं. सुरुवातीला उभं राहायला कचऱ्याची मोठी काळी पिशवी, डोक्यापुरतं भोक पाडून. दिसायला वाईट, पण तिथे कोण बघतंय! ओला शर्ट घासतो, म्हणून काखेत आणि मांड्यांना व्हॅसलिन, आणि पुरुषांनी लाज न बाळगता छातीवर दोन चिकटपट्ट्या. हे टाळलेला माणूस अंघोळीच्या वेळी ओळखू येतो, बाथरूमबाहेरूनसुद्धा.

मुक्कामाचं काय? लॉज वेळेत मिळालं तर बरं, नाहीतर नातेवाईक. साताऱ्यात आत्या असणं ही सोय आहे आणि संकटही. ‘उद्या एवढं पळायचंय, नुसता वरणभात कसा खाशील?’ म्हणत ती झणझणीत रस्सा वाढते. आदल्या दिवशी दुपारीच फोन करून सांगा, ‘आत्या, डॉक्टरांनी तिखट बंद केलंय.’ डॉक्टरांचं नाव घेतलं की चालतं. तरी एक चौकशी होणारच. ‘पळून किती मिळतात रे?’ मिळत नाहीत आत्या, आपणच भरायचे. ‘आपणच भरायचे? मग पळता कशाला?’ याचं उत्तर तयार ठेवा. मला अजून सापडलेलं नाही.

घरच्यांना ‘कासची फुलं बघू’ असं गाजर दाखवून बरोबर नेणार असाल तर आधी खरं सांगा. कास पठार शहरापासून पंचवीसेक किलोमीटरवर आहे आणि शर्यत त्याच्या बरीच अलीकडे मागे वळते. फुलांसाठी वेगळा दिवस काढा.

पहाटे गजर लवकरचा लावा, पळण्यासाठी नाही, पोटासाठी. मैदानावरच्या फिरत्या शौचालयांसमोरची रांग सुरुवातीच्या रेषेवरच्या गर्दीइतकीच जिद्दीची असते. खिशात टिश्यू, थोडे सुटे पैसे आणि दोन-तीन खजूर, सगळं प्लास्टिकच्या छोट्या पिशवीत. चहा एकच कप.

पहिले काही किलोमीटर शहरातून जातात. ढोल-ताशा, टाळ्या, हात पुढे करून उभी असलेली पोरं. या भरात वेग वाढतो आणि शहर मागे टाकून घाट लागला की त्याची वसुली होते. चढावर चाललात तरी कोणी काही म्हणत नाही. कडेचे लोक ‘आलंच आता, थोडंच राहिलंय’ म्हणतील, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. ते पाचव्या किलोमीटरलाही तेच सांगतात. फोटोवाला दिसला की मात्र पळा. पाणी चालत चालत प्या, पेला डब्यात टाका. उतारावर लांब ढांगा टाकायचा मोह होईल. पावलं लहान ठेवा, मांड्या दुवा देतील.

परतताना कंदी पेढे दोन खोके घ्या. एक घरी, दुसरं ऑफिसात, कारण तिथे सगळे ‘कितवा नंबर आला?’ विचारणार आणि पेढा तोंडात असला की पुढचा प्रश्न येत नाही. शिवाय सोमवारी जिना उतरायला रेलिंग धरून, आडवं होऊन उतरावं लागतं. ऑफिसची लिफ्ट चालू आहे ना, हे शुक्रवारीच बघून ठेवा.