वाड्याच्या चौकात लग्न: जागेची अडचण कशी सोडवली

धाकट्या बहिणीचे लग्न मंगल कार्यालयाऐवजी पुण्याच्या शुक्रवार पेठेतील आमच्या जुन्या वाड्यात व्हावे, असे घरात ठरले, तेव्हा खरा प्रश्न माडीचा होता. पाहुण्यांनी वरच्या सज्जातून सोहळा पाहावा ही कल्पना सर्वांना आवडली. पण जुन्या सागवानी तुळयांवर एकाच वेळी किती भार द्यावा, हे अंदाजाने ठरवणे मला मान्य नव्हते. म्हणून स्थापत्य अभियंत्याकडून तुळया, खांब आणि भिंतीतील टोके तपासून घेतली. त्यांच्या सल्ल्याने माडीवर गर्दी न करता चारही बाजूंना केवळ मंगलाष्टके म्हणणारी मंडळी उभी केली आणि बाकी सर्वांना चौकात व ओसरीवर बसवले. अंतरपाट धरल्यावर चहूकडून उमटलेले सूर आणि वरून पडणाऱ्या अक्षता यांमुळे तो विधी कोणत्याही महागड्या सजावटीपेक्षा देखणा झाला, असे मला मनापासून वाटते.

लाकूडकाम लक्षात घेऊन होमकुंड उघड्या आकाशाखाली, चौकाच्या मध्यभागी मांडले, शेजारी वाळूच्या बादल्या ठेवल्या आणि स्वयंपाक बाहेरच करवून घेतला. जुन्या वायरिंगवर ताण नको म्हणून दिव्यांसाठी जनरेटर आणला. बोळात गाड्या येणे शक्यच नव्हते, त्यामुळे निमंत्रणातच मेट्रोने मंडई स्थानकावर उतरण्याची विनंती छापली. रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपकाला मनाई असल्याने मुहूर्त सकाळचा निवडला. पंगती मात्र टप्प्याटप्प्याने बसवाव्या लागल्या, तेव्हा वयोवृद्धांना पहिल्या पंगतीचा मान दिला.