फॉरमॅट न मारता विंडोज संगणक कसा साफ करावा

संगणक रडतखडत चालू लागला की 'फॉरमॅट मारून घ्या', म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाका, हा सल्ला हमखास मिळतो. पण फॉरमॅटनंतर प्रिंटरचे ड्रायव्हर (प्रिंटरसारखं यंत्र विंडोजला चालवता यावं म्हणून लागणारं सॉफ्टवेअर), टॅली, मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर, सेव्ह केलेले पासवर्ड हे सगळं पुन्हा जमवावं लागतं, आणि डेस्कटॉपवरची एखादी फाइल कायमची जाते ती वेगळीच. विंडोज १० किंवा ११ असलेला बहुतेक संगणक आहे तसा ठेवूनच साफ होतो.

आधी नेमकं अडतंय कुठे ते बघा. संगणक सुरू करून दहा मिनिटं काहीही उघडू नका. मग कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या परफॉर्मन्स टॅबवर मेमरी आणि डिस्क यांचे आकडे वाचा. काही काम नसताना मेमरी ८० टक्क्यांच्या वर असेल तर मागे फार प्रोग्रॅम चालू आहेत, किंवा रॅमच कमी आहे. डिस्क सतत १०० टक्क्यांवर असेल तर तिच्यासमोर एसएसडी (चिपवर चालणारी वेगवान डिस्क) लिहिलंय की एचडीडी (फिरत्या तबकडीची डिस्क) ते पाहून ठेवा. त्याचा उपयोग शेवटी आहे.

काहीही काढण्याआधी डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि टॅलीचा डेटा बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा, आणि त्यातल्या दोनचार फाइली उघडून पाहा. मग स्टार्टमध्ये 'रिस्टोअर पॉइंट' शोधून एक पॉइंट तयार करा. त्यातून सेटिंग, ड्रायव्हर आणि प्रोग्रॅम मागे आणता येतात, पण उडवलेला फोटो परत येत नाही. म्हणून तो बॅकअपच्या जागी धरू नका.

आता सेटिंग्जमध्ये अॅप्स, तिथे इन्स्टॉल्ड अॅप्स (विंडोज १० मध्ये 'अॅप्स अँड फीचर्स'). यादी तारखेप्रमाणे लावा. संगणक ज्या सुमारास हळू झाला त्या सुमारासचे प्रोग्रॅम एकत्र दिसतात आणि बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो: ब्राउझरचे टूलबार, फुकटचे पीडीएफ कन्व्हर्टर, 'ड्रायव्हर अपडेटर', मुदत संपलेला अँटीव्हायरस. दोन अँटीव्हायरस एकाच वेळी चालू असतील तर प्रत्येक फाइल दोनदा तपासली जाते, तेव्हा एक ठेवा. एकेक प्रोग्रॅम अनइन्स्टॉल करा आणि तो मागेल तेव्हा रीस्टार्ट द्या. प्रोग्रॅम फाइल्समधलं फोल्डर हाताने डिलीट केलं तर त्याची सर्व्हिस आणि नोंदी मागे राहतात, आणि मग अनइन्स्टॉलही नीट होत नाही.

काही गोष्टींना मात्र हात लावू नका. 'मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी प्लस प्लस' या नावाच्या वेगवेगळ्या सालांच्या पाचसहा नोंदी दिसतील. त्या एकाच गोष्टीच्या प्रती वाटतात, पण वेगवेगळे प्रोग्रॅम वेगवेगळ्या सालाच्या नोंदीवर चालतात. रिअलटेक, इंटेल या नावांच्या नोंदी बहुधा ड्रायव्हरच्या असतात. आणि श्रीलिपी किंवा आयएसएम ही मराठी टायपिंगची सॉफ्टवेअर 'आता युनिकोड (कुठल्याही संगणकावर मराठी दिसणारी पद्धत) वापरतो' म्हणून लगेच काढू नका. त्यांच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली पत्रं, लग्नपत्रिका, संस्थेचे ठराव हे सगळं फॉन्ट गेला की अगम्य इंग्रजी अक्षरांत दिसू लागतं. आधी त्या फाइली युनिकोडमध्ये बदलून घ्या, निदान त्यांची पीडीएफ तरी करून ठेवा.

मग टास्क मॅनेजरच्या स्टार्टअप टॅबवर या. ज्याच्यासमोर 'हाय' (म्हणजे संगणक सुरू होताना जास्त भार टाकणारं) लिहिलंय आणि जे संगणक सुरू होताक्षणी लागत नाही, ते डिसेबल करा. मीटिंगची अॅप्स, गेमचे लाँचर, अपडेटर बेधडक बंद करा. लागतील तेव्हा उघडता येतात. अँटीव्हायरस, टचपॅड आणि आवाजाच्या नोंदी राहू द्या. डिसेबल करण्यात काहीच पुसलं जात नाही, त्यामुळे चुकलं तर तिथेच एनेबल करा.

जागेसाठी स्टार्टमध्ये 'डिस्क क्लीनअप' शोधा, सी ड्राइव्ह निवडा आणि 'क्लीन अप सिस्टम फाइल्स'वर क्लिक करा. खरा माल इथेच निघतो: विंडोज अपडेट क्लीनअप आणि मोठ्या अपडेटनंतर उरलेलं जुनं विंडोज. हे जुनं विंडोज काढलं की मागच्या आवृत्तीवर परतता येत नाही. अपडेट नीट बसलंय याची खात्री झाल्यावरच काढा. सेटिंग्जच्या स्टोरेजमध्ये 'टेम्पररी फाइल्स' साफ करताना 'डाउनलोड्स'समोरची खूण आधी काढा. तिथून उडवलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही. विंडोजच्या फोल्डरमधलं विनएसएक्सएस कितीही मोठं दिसलं तरी हाताने डिलीट करू नका. त्यातल्या बऱ्याच फाइली दोन ठिकाणी दिसतात पण जागा एकदाच घेतात, आणि तिथे मोडतोड झाली की अपडेट बसेनासे होतात. सी ड्राइव्हचा १५ ते २० टक्के भाग मोकळा राहील असं पाहा.

डेस्कटॉप वनड्राइव्हशी जोडलेला असेल तर सावध राहा. इथे फाइल डिलीट केली की ती क्लाउडवरून आणि तुमच्या दुसऱ्या संगणकावरूनही जाते. नुसती जागा हवी असेल तर फाइलवर राइट क्लिक करून 'फ्री अप स्पेस' निवडा.

ब्राउझरमधली अनोळखी एक्स्टेन्शन्स काढा. कोपऱ्यात सारख्या 'व्हायरस सापडला' अशा पाट्या येत असतील तर त्या बहुधा कुठल्यातरी साइटला चुकून दिलेल्या नोटिफिकेशनच्या परवानगीमुळे येतात. ती साइट सेटिंग्जमध्ये ब्लॉक करा, पाटीवर क्लिक करू नका. तरी शंका राहिली तर विंडोज सिक्युरिटीतला ऑफलाइन स्कॅन चालवा. संगणक रीस्टार्ट होऊन विंडोज उघडण्याआधीच तपासणी होते, त्यामुळे लपून बसलेलं मालवेअरही सापडू शकतं. रजिस्ट्री (विंडोज आणि प्रोग्रॅमच्या सेटिंगची नोंदवही) साफ करणारी सॉफ्टवेअर घेऊ नका. जुन्या नोंदी काढून वेग जाणवण्याइतका वाढत नाही, आणि चुकीची नोंद गेली तर चालू प्रोग्रॅम बंद पडतो.

एवढं करूनही डिस्क १०० टक्क्यांवरच असेल आणि ती एचडीडी असेल, तर ती फिरती तबकडी आताच्या विंडोजला पुरत नाही. बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये तिच्या जागी अडीच इंची साटा एसएसडी बसते. जुन्या डिस्कचं क्लोन, म्हणजे हुबेहूब प्रत, करून घेतलं तर विंडोज, प्रोग्रॅम, फाइली सगळं जसंच्या तसं नव्या डिस्कवर येतं. दुकानात देताना 'क्लोन करा, नवीन विंडोज टाकू नका' असं स्पष्ट सांगा. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल तर मात्र साफसफाईच्या भानगडीत न पडता आधी डेटा बाहेर काढा.